भुंकण्याचा पगार कोण देतं?

आमच्या स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेचं मागच्या डिसेंबरचं पान मी अजून टाकलेलं नाही. त्यावर दुधाचा हिशेब आहे. रोज '1 लि.', मध्येच एके दिवशी '3 लि. खीर'. आणि त्या आकड्यांखाली लाल पेनाच्या रेघा: चार उभ्या, पाचवी आडवी, परत चार उभ्या. दूधवाल्या मामांना वाटलं मी त्यांचे खाडे मांडतेय. दोन दिवस बिचारे वेळेच्या आधी आले. मी चिकूचं भुंकणं मांडत होते. एक सपाटा, एक रेघ.

चिकू म्हणजे आमचं साडेपाच किलोचं पांढरं, झुबकेदार कुत्रं. लातुरात अशा कुत्र्याला 'पामेलियन' म्हणायची रीत आहे. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं की हा इंडियन स्पिट्झ आहे. खरा पॉमेरेनियन जेमतेम दोन-तीन किलोचा असतो. मी घरी येऊन सगळ्यांना सांगितलं, कुणीही ऐकलं नाही, चिकू पामेलियनच राहिला.

आमचं घर शिकवणी वर्गांच्या भागात आहे. वरच्या मजल्यावर नीटची तयारी करणारी तीन मुलं भाड्यानं राहायची. 'लातूर पॅटर्न'चा एक भाग पुस्तकात असतो आणि एक भाग जिन्यात: पहाटे पावणेपाचला चपला वाजवत खाली, रात्री दहाला चपला वाजवत वर. प्रत्येक चपलेला चिकूचा जबाब असे. नोव्हेंबरात एका रात्री त्यातला मुखेडचा मुलगा दाराशी आला. पुस्तकात बोट तसंच घातलेलं.

"काकू, राग येऊ देऊ नका, पण चिकू लई भुंकायलालंय ओ. परवा टेस्ट हाय."

आमच्या आत्या (सासूला आमच्याकडं आत्याच म्हणतात) आतून म्हणाल्या, "कुत्र्याचं शेपूट बारा वर्षं नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच." मला मनातून लाज वाटली. बारा वर्षं सोडा, आम्ही बारा दिवसदेखील काही नीट करून पाहिलं नव्हतं. आम्ही फक्त ओरडत होतो.

मुळात याला भुंकायलाच पाळलं होतं

प्रौढ लांडगा क्वचित भुंकतो; एखादा तुटक, दबका इशारा आणि संपलं. माणसाच्या दारात हजारो वर्षं राहिलेल्या कुत्र्याचं मात्र भुंकणं हेच मुख्य बोलणं झालं. आणि ते आपल्याला कळतंही. हंगेरीतल्या संशोधकांनी वेगवेगळ्या प्रसंगी कुत्र्यांचं भुंकणं ध्वनिमुद्रित करून लोकांना ऐकवलं. कुत्रं अनोळखी माणसावर भुंकतंय, एकटं पडलंय की खेळतंय, हे लोकांनी नुसत्या अंदाजापेक्षा बरंच चांगलं ओळखलं. ज्यांनी कधी कुत्रं पाळलं नव्हतं त्यांनीही. हा अभ्यास 2005 साली प्रसिद्ध झाला. जाड, घाईचं, एकामागून एक येणारं भुंकणं लोकांना रागाचं वाटलं. बारीक आवाजाचं, मध्ये दम घेत येणारं भुंकणं भीतीचं किंवा एकटेपणाचं. घरी डोळे मिटून पाच मिनिटं ऐका. तुमच्याही लक्षात येईल की तुमचं कुत्रं एकच गोष्ट बोलत नाही.

लहान जातींत तर माणसानं भुंकणं निवडून निवडून वाढवलंय. जर्मनीत स्पिट्झ शेतावर राखणीला असत. कुणी आलं की कोकलायचं, एवढंच काम. आखूड पायांचा डॅशहुंड बिळात शिरून बिज्जूसारख्या जनावराशी भिडायचा आणि जमिनीखालून भुंकत राहायचा, म्हणजे वरच्या शिकाऱ्याला कुठं खणायचं ते कळे. तिबेटातला ल्हासा अप्सो मठांत आणि घरांत आतला पहारेकरी होता. या सगळ्यांना पाहून मला आपल्या कारवानी कुत्र्याची आठवण येते. आपल्याच जिल्ह्यातलं, चाकूर तालुक्यातलं जानवळ त्यासाठी ओळखलं जातं. कारवानी नजरेनं ससा हेरतो आणि तीरासारखा सुटतो. त्याला भुंकून काय मिळणार? ससा सावध होईल तेवढंच. म्हणून तो तुलनेनं अबोल. कारवानीला पाय दिले, स्पिट्झला गळा दिला, आणि मग तो गळा आपण दोन खोल्यांच्या घरात आणून ठेवला.

तरी सगळा दोष जातीवर ढकलता येत नाही. व्हिएन्नातल्या पशुवैद्यक विद्यापीठाच्या संशोधकांनी हजाराहून जास्त मालकांना प्रश्नावली देऊन 2010 मध्ये निष्कर्ष मांडले. त्यात लहान कुत्री जास्त उत्तेजित होणारी, कमी ऐकणारी निघाली; पण त्यांचे मालकही वागण्यात कमी सुसंगत होते आणि शिकवण्यात, खेळण्यात कमी वेळ देत होते. म्हणजे आज सोफ्यावर घेतलं, उद्या त्याच सोफ्यावरून हाकललं. अल्सेशियन पाहुण्याच्या अंगावर भुंकत गेलं तर घरात धावपळ होते. चिकू तसाच गेला तर आमच्याकडं "बघा बघा, कसा चिडतोय राजा" म्हणून व्हिडिओ निघायचा. तो व्हिडिओ अजून माझ्या फोनमध्ये आहे. पाहुण्यांचं तोंड त्यात हसरं नाही, हे मला फार उशिरा दिसलं.

घंटागाडी रोज पळून जाते

रेघा ओढायला सुरुवात केली तेव्हा फक्त वेळ लिहायची होती. पण दुसऱ्या दिवशी मी वेळेपुढं आणखी एक गोष्ट लिहायला लागले: भुंकल्यावर काय झालं. सगळा उलगडा त्या दुसऱ्या रकान्यात झाला.

सकाळी सव्वासातला घंटागाडी येते. दोन गल्ल्या अलीकडं गाणं सुरू होतं तेव्हा चिकूचे कान ताठ. गाडी कोपऱ्यावर वळली की तो फाटकाच्या जाळीवर पुढचे पाय टेकून उभा. मग जो सपाटा सुरू होतो त्यात त्याचे मागचे पाय प्रत्येक भुंकण्याला जमिनीवरून उचलले जातात. गाडी आमच्या दारात अर्धा मिनिट थांबते, बादली रिकामी होते, गाडी पुढं जाते. चिकू खाली उतरतो, अंग झाडतो, शेपूट पाठीवर वळवून घरात येतो आणि पाणी पितो. लढाई जिंकून आलेल्या गड्यासारखा.

आपल्याला माहीत आहे की गाडी कचरा घेऊन जाणारच होती. त्याच्या हिशेबात मात्र एवढंच: एक मोठं, गोंगाट करणारं जनावर रोज दारावर येतं, मी भुंकतो, ते पळतं. हा उपाय एकही दिवस फसलेला नाही. पेपरवाला भुंकल्यावर जातो. सिलिंडरवाला जातो. उन्हाळ्यात टँकर येतो, तोही शेवटी जातोच. जी नोकरी रोज रोख पगार देते ती कोण सोडेल?

पगार एवढाच नसतो. संध्याकाळी साडेसातला आम्ही टीव्हीसमोर बसलो की चिकू माझ्यासमोर येऊन एकेक सुटं 'भो' टाकायचा. मी मालिकेतून मान न वळवता बिस्किटाचा तुकडा फेकायची. दुसऱ्या रकान्यात मी प्रामाणिकपणे लिहिलं: 'बिस्कीट'. सात दिवसांत एकोणीस वेळा. कधी बिस्किटाऐवजी "ए, गप रे" असायचं, म्हणजे निदान बाई बोलली. आणि आमचे हे खुर्चीतून गरजायचे, "चिकू! बास!" ते चिकूला रागावणं वाटत नसावं. घरातला मोठा गडीही आपल्या बाजूनं भुंकायला लागला असंच वाटत असणार, कारण त्यानंतर तो दुप्पट जोरानं भुंकायचा.

भुंकणं कमी करायचं तर आवाजाच्या मागं लागून उपयोग नाही, पगार कोण देतंय ते शोधायचं. फाटकावर पगार देतो रस्ता. टीव्हीसमोर देते मी. पहाटेच्या जिन्यात पगार म्हणजे भीती ओसरणं: पावलं आली, भुंकलो, पावलं गेली. आणि काही वेळा आपल्याला काहीच दिसत-ऐकू येत नाही तरी कुत्रं भुंकतं. तेव्हा 'उगीच' म्हणण्याआधी थांबावं. माणसाला वीस हजार हर्ट्‌झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला साधारण पंचेचाळीस हजारपर्यंत. माळ्यावरच्या चिचुंद्रीची बारीक चिरचिर आपल्याला पोहोचत नाही, त्याला पोहोचते.

वेळ अमावस्येची गोष्ट

एका प्रकारच्या भुंकण्याला मात्र पगारच नसतो, आणि ते ओळखणं सगळ्यात गरजेचं. ते मला त्या डिसेंबरात वेळ अमावस्येला कळलं.

लातूर-धाराशिवकडच्यांना सांगायला नको, शेतात पूजा करून तिथंच जेवायचा हा सण, त्या दिवशी शहर रिकामं होतं. जो तो शेतात. कडब्याची कोप (खोपटं), आंबील, भज्जी (शेंगा-पालेभाज्यांची मिसळ भाजी), गव्हाची खीर. आम्हीही सकाळी आठला निघालो. चिकूला घरात पाणी, पोळी-दूध ठेवलं आणि कुलूप लावलं. गल्लीत कुणीच नाही, मग त्रास कुणाला? संध्याकाळी परतलो तर वरचा मुखेडचा मुलगा जिन्यात बसलेला. त्याची सराव परीक्षा होती म्हणून गावी गेला नव्हता. त्यानं काही न बोलता फोन पुढं केला. बंद दारामागून बारीक, चिरका आवाज: भुंकणं, मग थांबणं, मग कुईं, मग परत भुंकणं. "काकू, ह्ये साडेआठचं हाय," तो म्हणाला, "अन् ह्ये दुपारी दोनचं." दाराची आतली बाजू खालपासून हातभर ओरबाडलेली होती. पोळी तशीच. फरशीवर लाळेचे डाग.

एकटं राहण्याची भीती ती हीच. खूण अशी की भुंकणं आपण गेल्यानंतर लगेच, बहुधा पहिल्या अर्ध्या तासातच सुरू होतं, कुत्रं आवडीचं खाणंही शिवत नाही, दार ओरबाडतं, लाळ गाळतं, कधी घरात घाण करतं. हे हट्टानं होत नाही. अशा कुत्र्याला आल्यावर रागावलं तर भीतीत भीतीची भर. कंटाळ्याचं भुंकणं वेगळं: ते उशिरा सुरू होतं, एका सुरात चालतं आणि खायला मिळालं की थांबतं. फरक कळत नसेल तर जुना फोन चालू करून ठेवा आणि आल्यावर ऐका. आम्हाला तो मुलगा होता म्हणून कळलं.

यावर औषध म्हणजे चिमूटभर एकटेपणा. पर्स उचलायची, किल्ल्या वाजवायच्या आणि कुठंच जायचं नाही. असं दिवसातून पाच-सहा वेळा, म्हणजे किल्लीचा आवाज म्हणजे संकट हा संबंध ढिला होतो. मग दार ओढून दहा सेकंद बाहेर. तो अस्वस्थ होण्याआधी आत. मग अर्धा मिनिट, दोन मिनिटं, पाच. घाई केली की गाडी मूळ पदावर. आम्हाला वीस मिनिटांपर्यंत पोहोचायला सहा आठवडे लागले, आणि त्या काळात त्याला शेजारच्या वहिनींकडं ठेवल्याशिवाय आम्ही लग्नालाही गेलो नाही. त्रास फार असेल तर पशुवैद्यक चिंता कमी करणारी औषधं देतात, ती शिकवणीला हातभार लावतात. घरातली माणसाची झोपेची गोळी अर्धी करून देणं हा जिवाशी खेळ आहे.

पगार थांबवायचा, दुसरा सुरू करायचा

फाटकाचा प्रश्न मी फार विचार न करता सोडवला, आणि तोच सगळ्यात जास्त उपयोगी पडला. जाळीला खालून तीन फूट पत्रा लावून घेतला. खिडकीच्या खालच्या काचेला दुधी कागद चिकटवला. दिसणंच बंद झाल्यावर दिवसाच्या रेघा जवळजवळ निम्म्यावर आल्या. लोक शिकवण्याच्या मागं लागतात आणि पत्र्याला हसतात. मी म्हणेन आधी पत्रा, मग शिकवणं. कारण एका बाजूला आपण शिकवतोय आणि दुसऱ्या बाजूला रस्ता दिवसातून तीस वेळा उलटं शिकवतोय, तर जिंकणार रस्ताच. आवाजाचंही तसंच. मार्चपासून कूलर लागला की त्याच्या घरघरीत जिना बुडून जायचा आणि चिकू दुपारभर झोपायचा. पावसाळ्यात कूलर बंद झाला की परत सुरू. आता आम्ही पहाटे पंखा मोठा ठेवतो, कधी रेडिओ बारीक आवाजात.

टीव्हीसमोरच्या मागणीचा पगार मात्र एका दिवसात, घरातल्या सगळ्यांनी मिळून बंद करावा लागतो. इथं एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, नाहीतर चौथ्या दिवशी हात टेकाल: पगार थांबला की भुंकणं आधी वाढतं. एटीएममधून पैसे आले नाहीत तर आपण गप घरी येतो का? परत बटण दाबतो, जोरात दाबतो, यंत्राला चापट मारतो. चिकूनं चौथ्या दिवशी सलग अकरा मिनिटं भुंकून दाखवलं. बाराव्या मिनिटाला आत्यांनी पदराआडून त्याला बिस्कीट दिलं. त्यांच्या जिवाला बघवेना, त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण चिकू त्या दिवशी शिकला की अकरा मिनिटं लागतात. अधूनमधून मिळणारा पगार रोजच्या पगारापेक्षा चिवट सवय लावतो. लॉटरीचं तिकीट लोक त्याचमुळं सोडत नाहीत.

नुसतं बंद करून भागत नाही, शांत राहण्याला भाव द्यावा लागतो. तो गप बसून माझ्याकडं पाहत असेल तेव्हा, मागितलं नसताना, मी तुकडा द्यायला लागले. हे फार अवघड जातं, कारण कुत्रं शांत असताना आपल्याला ते दिसतच नाही.

दाराच्या बेलसाठी आमची पद्धत अशी. कोपऱ्यात त्याची वाकळ अंथरली. आमचीच बेल फोनवर ध्वनिमुद्रित केली आणि आवाज इतका बारीक केला की चिकूचा कान फक्त हलला पाहिजे, तोंड उघडता कामा नये. बेल वाजवली की लगेच एक तुकडा वाकळेवर. दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. क्रम महत्त्वाचा: आधी बेल, मग तुकडा. पाचव्या दिवशी बेल वाजल्यावर त्यानं दाराकडं न बघता वाकळेकडं मान वळवली. मला चौथीच्या वर्गात पोराला भागाकार पहिल्यांदा जमतो तेव्हा होतो तेवढा आनंद झाला. मग आवाज थोडा वाढवला. मग माझ्या मुलीनं बाहेर जाऊन खरी बेल वाजवली. मग ती पाहुण्यासारखी आत आली. मध्ये कुठंही तो भुंकला तर समजायचं आपणच एक पायरी गाळली. त्याला न रागावता मागच्या पायरीवर जायचं.

जिन्यातल्या चपलांसाठी तिन्ही मुलांना कामाला लावलं. पायरीवर मीठ नसलेल्या फुटाण्यांचा डबा ठेवला. येता-जाता जाळीतून एकानं एक दाणा चिकूच्या ताटलीत टाकायचा, तो भुंकायच्या आत. पहिले काही दिवस मुलं अनवाणी, चपला हातात घेऊन उतरायची. मग एकेक जण चपला घालून. महिन्याभरात जिन्यातून भीती उतरत नव्हती, फुटाणे उतरत होते.

'बास्स' हा शब्दही शिकवला. भुंकत असताना तुकडा नाकाशी धरायचा. वास घेताना कुत्र्याला भुंकता येत नाही. गप झालं की 'बास्स' म्हणायचं, मनात दोन मोजायचे, तुकडा द्यायचा. मग पाच, मग दहा. यात एक खोच आहे, आणि चिकूनं ती आठवड्यात शोधली: आधी भुंकावं, मग थांबावं, मग खाऊ मिळतो. म्हणून मुळातच न भुंकल्याबद्दलचा तुकडा मोठा हवा, 'बास्स'चा लहान.

तुकडा म्हणजे हरभऱ्याच्या दाण्याएवढा. साडेपाच किलोच्या जिवाला आपलं एक अख्खं बिस्कीट म्हणजे फार झालं. उकडलेलं अंडं, पनीर, गाजर, बिनमसाल्याचं चिकन चालतं. कांदा-लसूण, चॉकलेट, द्राक्षं, मनुका, बेदाणे बिलकुल नाहीत. प्रसादाच्या शिऱ्यातला बेदाणासुद्धा नाही.

आणि फिरवणं. "एवढंसं तर आहे, घरात पळतं तेवढं बास" हे मीही म्हणायची. पायांपेक्षा नाकाला काम लागतं. वीस मिनिटं त्याला हवं तिथं हुंगू दिलं तर एका तासाच्या ओढाओढीपेक्षा तो जास्त शांत होतो. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर असतो, तेव्हा सकाळी सातच्या आत किंवा दिवेलागणीनंतरच. हाताचा मागचा भाग रस्त्यावर सात सेकंद टेकवून बघा. आपल्याला सोसवत नसेल तर त्याच्या पंजालाही नाही. भर उन्हाळ्यात मी जुनी ओढणी गुंडाळून तिच्या घड्यांत भाकरीचे तुकडे लपवते. ती उलगडायला त्याला पाव तास लागतो. ओढणीचं काय होतं ते विचारू नका.

जे करू नये

सगळ्यांत आधी तोंड बांधणं. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते जीभ बाहेर काढून, धापा टाकून अंग थंड करतं. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात दोरीनं किंवा घट्ट मुसक्यानं तोंड बांधलेलं कुत्रं तासाभरात दगावू शकतं. चपट्या नाकाच्या पगला तर नुसत्या उन्हातही श्वास पुरत नाही. भुंकलं की शॉक देणारे पट्टे ऑनलाइन सहज मिळतात. त्यात गोम अशी की झटका बसतो त्या क्षणी कुत्र्यासमोर जे असेल, शेजारचं पोर असेल, त्याच्याशी ते दुखणं जोडलं जातं. भुंकणं थांबतं आणि चावणं सुरू होतं. 'भुंकणारं कुत्रं चावत नाही' ही म्हण माणसांबद्दल असेल तर असो. कुत्र्यांबद्दल तिच्यावर विसंबू नका. घाबरलेलं कुत्रं भुंकून आधी इशारा देतं, आणि तो इशारा मारून मारून बंद केला तर पुढच्या वेळी इशाऱ्याविना दात लागतात.

अचानक बदललेलं भुंकणं असेल तर आधी डॉक्टर. लहान जातींत दात आणि हिरड्या लवकर खराब होतात. लोंबत्या कानांच्या कुत्र्यांचे कान चिघळतात. दहा-बारा वर्षांचं कुत्रं रात्री भिंतीकडं बघून भुंकायला लागलं तर ते कानानं अधू झालेलं असू शकतं, किंवा म्हातारपणाचा भ्रम असू शकतो. तिथं शिकवणी कामाची नाही. मराठवाड्यात परभणी आणि उदगीर इथं पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. गावच्या दवाखान्यात उलगडलं नाही तर तिथं दाखवता येतं.

नवं पिल्लू आणणाऱ्यांसाठी एकच: रस्त्याकडेला टोपलीत विकायला ठेवलेलं महिन्याभराचं पिल्लू घेऊ नका. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला 2017 च्या केंद्राच्या नियमांनी मनाई आहे, आणि त्याला कारण आहे. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण तिसऱ्या महिन्यापर्यंत पिल्लू जग ओळखायला शिकतं, त्यातला पहिला भाग आई-भावंडांकडून. चिकूला आम्ही एका ओळखीच्यांकडून पस्तीस दिवसांचा आणला होता. मग पुढचे दोन महिने 'दृष्ट लागेल, आजारी पडेल' म्हणून घराबाहेर काढला नाही. लसीकरण पूर्ण होईपर्यंत जमिनीवर सोडायचं नव्हतं हे बरोबर, पण कडेवर घेऊन चौकात उभं राहता आलं असतं. टँकर, बुरखा, हेल्मेट, काठी टेकत येणारे आजोबा, सगळं त्यानं तेव्हा पाहिलं असतं.

शेजाऱ्यांचं काय? कायदा दोघांनाही थोडं थोडं देतो. भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार भुंकतं म्हणून सोसायटीला कुत्रं पाळण्यावर बंदी घालता येत नाही. पण कुत्रं शांत ठेवायचा, विशेषतः रात्री, प्रयत्न करणं मालकाकडून अपेक्षित आहे. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार मारहाण आणि आखूड साखळीला तासन्‌तास बांधून ठेवणं हा गुन्हा आहे. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 च्या नियमांत निवासी भागासाठी रात्री दहा ते सहा 45 डेसिबलची मर्यादा आहे. लग्नाच्या वरातीतल्या डीजेपुढं ती आकडेमोड मला हसू आणते, पण असो. कलमांपेक्षा मला एक ताट भज्जी जास्त कामी आली. ते घेऊन मी आजूबाजूच्या तीन घरांत गेले आणि सांगितलं, "पंधरा दिवस आवाज आधी वाढणार आहे, मग कमी होईल. तेवढं सांभाळून घ्या." पलीकडच्या अण्णांनी भज्जी घेतली आणि म्हणाले, "वाढायला आनखी जागा हाय का ओ?"

पहिल्या आठवड्यात दिवसाला सरासरी छत्तीस रेघा होत्या. फेब्रुवारीअखेर अकरा-बारा. शून्य कधीच झाल्या नाहीत आणि आम्हाला ते नकोही होतं. मार्चमध्ये रात्री गॅसची नळी वास मारत होती तेव्हा आम्हाला त्यानंच उठवलं.

मे महिन्यात मुलांची परीक्षा झाली आणि वरची खोली रिकामी झाली. फुटाण्यांचा डबा पायरीवर तसाच राहिला. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात नवी दोन मुलं आली, एक किनवटचा, एक अंबाजोगाईचा. पहिल्याच पहाटे पावणेपाचला जिन्यात नव्या बुटांचा आवाज आला आणि चिकू दारावर गेला. आता जूनच्या पानावर दुधाखाली परत रेघा आहेत. किनवटच्या मुलाला मी फुटाण्यांचा डबा दाखवला तेव्हा त्यानं आधी स्वतः मूठभर खाल्ले.